रॅलीची फियाट: १९६९ ची बांधायची तर १९६९ चीच बांधा

प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट इंदुरात, लोकमान्यनगरच्या घरी, पोर्चमध्ये बरीच वर्षं उभी आहे. तिला जुन्या काळच्या रॅलीच्या गाडीचं रूप द्यायचं आहे. मार्टिनी या इटालियन मद्य कंपनीच्या रेसच्या गाड्यांवर असायचे तसे निळे-लाल पट्टे, अलॉय व्हील आणि पुढे चार दिवे असा बेत आहे. सुरुवात कुठून करावी, काय टाळावं आणि कागदपत्रांचं काय?

आधी पट्ट्यांचं बोलू, कारण ते नक्की झालं की निम्मे निर्णय आपोआप होतात. मार्टिनीचे पट्टे रॅलीत गाजले ते लान्शिया ०३७ या इटालियन गाडीवर, म्हणजे १९८२ पासून पुढे. तोवर आपल्याकडे ‘फियाट ११०० डिलाइट’ हे नावही उरलं नव्हतं. १९७३ मध्ये तिची प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी. डिलाइटच्या अंगावर ते पट्टे दिसले की जाणकार माणूस दुरूनच मान फिरवतो. साठच्या दशकात रॅलीची गाडी म्हणजे कंपनीचा रंग, डोळ्यांवर चमक येऊ नये म्हणून मॅट काळं केलेलं बॉनेट, दारांवर नंबर आणि पुढे-मागे रॅलीची पाटी. बास. तुमच्याकडे आहे ती गाडी याच कामासाठी उत्तम आहे, तिला इटालियन फॅक्टरी टीमचं सोंग देण्याची गरज नाही.

आता मुख्य काम: एक तारीख ठरवा. ‘सिक्स्टीज लुक’ म्हणून भागत नाही, महिना आणि वर्ष हवं. समजा डिसेंबर १९६९. ती तारीख गॅरेजच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. यापुढे गाडीवर जे जे चढेल ते त्या दिवशी भारतात, एका खासगी स्पर्धकाच्या हाती लागणं शक्य होतं का, एवढाच प्रश्न विचारायचा. ‘भारतात’ आणि ‘खासगी स्पर्धकाच्या’ हे दोन शब्द लोक विसरतात आणि गाडी फसते.

तारीख किती कामाची आहे ते स्टिकरांवरून बघा. १९६९ मध्ये पेट्रोल पंपावर एस्सो, बर्मा-शेल, कॅलटेक्स होते. एस्सोचं राष्ट्रीयीकरण १९७४ मध्ये होऊन हिंदुस्तान पेट्रोलियम आलं. बर्मा-शेल १९७६ मध्ये सरकारकडे गेली आणि १९७७ मध्ये भारत पेट्रोलियम झाली. म्हणजे तुमच्या गाडीवर एच.पी. चालणार नाही, एस्सो चालेल. इंडियन ऑइलही चालेल, ती १९६४ पासून त्या नावाने आहे. दारावर एखाद्या जुन्या स्थानिक दुकानाची जाहिरात रंगवणार असाल तर पत्त्यात पिन कोड घालू नका, पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. चेन्नईच्या दुकानाचं नाव घातलंत तर ‘मद्रास’ लिहा. असल्या गोष्टी कोण बघतं, असं वाटेल. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात नेमकं हेच बघणारे चारजण भेटतात आणि तेच तासभर तुमच्या गाडीपाशी थांबतात.

दुसरा निर्णय: कोणाला मानवंदना द्यायची? एखाद्या प्रत्यक्ष गाडीला, की त्या प्रकारच्या गाड्यांना? प्रत्यक्ष गाडी निवडली तर तिची चारही बाजूंची छायाचित्रं हवीत, आणि त्या काळच्या भारतीय रॅलींची अशी छायाचित्रं फार तुटक सापडतात. एकाच बाजूचा धूसर कृष्णधवल फोटो असेल तर उरलेल्या तीन बाजू तुम्ही कल्पनेने भरणार, आणि मग ती ‘अमुक गाडीची प्रतिकृती’ म्हणवणं खोटं होईल. माझं मत, प्रकार निवडा: १९६९ चा मध्य भारतातला हौशी स्पर्धक, स्वतःची रोजची गाडी रॅलीला नेणारा, सोमवारी त्याच गाडीने ऑफिसला जाणारा. नंबर कोणताही दोन आकडी घ्या, कुठल्या गाजलेल्या गाडीचा नको.

अभ्यासासाठी मात्र परदेशी फोटो जरूर बघा. त्यातला सगळ्यात उपयोगी साठा १९६८ च्या लंडन-सिडनी मॅरेथॉनचा. २४ नोव्हेंबर १९६८ ला लंडनहून ९८ गाड्या सुटल्या, काबूल, दिल्ली करत मुंबईला आल्या, तिथून चुसान बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. जिंकली अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर, म्हणजे एक साधी चार दारांची घरगुती गाडी. पल्ल्याच्या रॅलीची गाडी त्या वर्षी कशी दिसत होती ते यात कळतं: मडफ्लॅप, जादा चाकं, दिव्यांवर जाळी, नेव्हिगेटरसमोर (ड्रायव्हरशेजारी बसून वाट आणि वेळ सांभाळणारा) घड्याळं. पण लक्षात ठेवा, त्यातल्या बऱ्याच गाड्यांमागे कंपन्यांचा पैसा होता. आपल्या इंदूरच्या माणसाकडे आयात परवाना नव्हता. सिबियेचे दिवे, स्वीडिश ट्रिपमीटर, वेबरचे जोड कार्बोरेटर हे त्याने फक्त मासिकात पाहिलेले. त्याच्या गाडीवर जे होतं ते इथल्या लेथवर वळवलेलं, इथल्या वेल्डरने जोडलेलं. म्हणून तुमची गाडी जितकी जुगाडाची दिसेल तितकी खरी वाटेल. महाग परदेशी माल लावून ती बिघडवू नका.

बॉडीपासून सुरुवात. ही गाडी मोनोकॉक आहे, खाली वेगळी चेसिस नाही. पत्रा हाच सांगाडा. त्यामुळे गंज हा सौंदर्याचा प्रश्न नसून ताकदीचा आहे. पुढच्या सस्पेन्शनच्या जागा, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, दारांखालच्या सिल आणि फ्लोअर या जागा हातोडीच्या मागच्या टोकाने ठोकून बघा. जिथे आवाज बसका येतो तिथे पत्रा कापून नवा घालायचा. वर लांबी (पुट्टी) फासून पुढे जाऊ देणारा डेंटर असेल तर तिथेच थांबा. रॅलीच्या गाडीला मागचा हँगर सुटला तर पाटा थेट फ्लोअरमधून वर येतो. जुने उस्ताद जोडावर रांगा (वितळवलेलं कथील-शिसं) भरत, अजून ती कला येणारे डेंटर इंदुरात शोधले तर सापडतात. पिथमपूरच्या कारखान्यांमुळे शीट मेटलचे चांगले हातही इथे मिळतात. बजेटचा मोठा हिस्सा इथेच जाणार, हे धरून चाला. इंजिन, दिवे, सीट या सगळ्यांपेक्षा पत्रा महाग पडतो.

रंग. कंपनीच्या रंगांतलाच एक घ्या, शक्यतो आजोबांच्या गाडीचा मूळचाच. तो डॅशबोर्डच्या मागे किंवा दाराच्या रबराखाली सापडेल. त्या काळचा रंग एन.सी. (नायट्रोसेल्युलोज), म्हणजे लोक ज्याला ड्यूको म्हणत तो. पातळ थर, घासून आणलेली मवाळ चमक. आजचा पी.यू. (पॉलियुरेथेन) रंग जास्त टिकतो, पण त्याची ओली काचेसारखी चमक १९६९ मध्ये नव्हती. पी.यू.च घ्यायचा असेल तर वरून जाड क्लिअर कोट नको. आणि एक सांगतो: इंदुरात जुनी गाडी म्हटली की लोकांना महाराजा यशवंतराव होळकरांची आलिशान ड्यूसेनबर्ग आठवते आणि मग प्रत्येक गाडी आरशासारखी करायचा मोह होतो. रॅलीच्या गाडीला ते शोभत नाही.

नंबर आणि अक्षरं व्हिनाइलची अजिबात नकोत. साइनबोर्ड रंगवणारा जुना पेंटर गाठा. पांढरं वर्तुळ, त्यात काळा आकडा, हाताने. ब्रशची कड किंचित हलली तर हलू द्या. ‘एस्सो’ लिहायचं तर त्याच्यासमोर त्या काळच्या जाहिरातीचा फोटो धरा, मोबाईलवरचा आजचा लोगो नको.

इंजिन १०८९ सीसीचं, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ स्ट्रोक, पुशरॉडवालं, खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक आणि वर अॅल्युमिनियमचं हेड. चाळीसच्या आसपास घोडे. याला ताकदवान करण्याच्या नादी लागू नका. त्या काळचा हौशी माणूस जे करायचा तेवढंच करा: हेड प्लेन करून सपाट, पोर्टमधल्या ओतकामाच्या कडा घासून मऊ, व्हॉल्व्ह नीट लॅप केलेले, मॅनिफोल्ड आणि गॅस्केटची तोंडं एकमेकांशी जुळवलेली. पिस्टन, रिंगा आणि कनेक्टिंग रॉड तोलून वजनाने जुळवून घ्या. एवढ्याने इंजिन इतकं सुरळीत फिरतं की चालवणाऱ्याला पाच-दहा घोडे वाढल्यासारखे वाटतात.

एक आजची अडचण त्या काळात नव्हती: पंपावरचं पेट्रोल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनी रबरं फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडीतल्या इंधन पंपाचा डायफ्रॅम, इंधनाचे होज आणि कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉल सोसणारी घ्या. टाकी आतून साफ करून घ्या, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. इग्निशनला पॉइंट-कंडेन्सरच ठेवा. पॉइंट रस्त्याच्या कडेला एका रुपयाच्या नाण्याने आणि फीलर गेजने जुळवता येतात, आणि टूलबॉक्समध्ये जादा कंडेन्सर असणं हे त्या काळाला धरूनच आहे.

पुढच्या चाकांना विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. मागच्या पाट्यांत एक पान वाढवून गाडी थोडी उचला, पुढे तेवढीच उंची जुळवा. उलट, गाडी जमिनीला टेकवण्याची फॅशन नंतरची आणि डांबरी रस्त्यांची. किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीला) ग्रीस आधी, बाकी सगळं नंतर. स्टिअरिंग वर्म-रोलरचं आहे, थोडा प्ले राहणारच. तो शून्य करायला अॅडजस्टर आवळत गेलात तर मधोमध घट्ट आणि वळणावर अडकणारं स्टिअरिंग मिळेल. खाली इंजिनाचं तेलाचं पात्र दगडांपासून वाचवणारा सम्प गार्ड हवाच: साधा एम.एस. (माइल्ड स्टीलचा) पत्रा, क्रॉसमेंबरला बोल्टने, ड्रेन प्लगसमोर भोक, आणि मागची कड उघडी, म्हणजे रेडिएटरमधून आलेली हवा बाहेर पडेल. कंपन्यांच्या गाड्यांत पेट्रोलची नळी दगड लागू नये म्हणून केबिनच्या आतून नेत असत. तुम्ही ती नेऊ नका.

याच ठिकाणी तारखेचा नियम मोडायचा. ब्रेक, टायर, सीटबेल्ट आणि आग यांच्या बाबतीत १९६९ विसरा. चारही चाकांना ड्रम आहेत, ते राहू द्या, पण व्हील सिलिंडरची किटं, होज आणि लायनिंग सगळं नवं. जमलं तर दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या, बॉनेट उघडल्याशिवाय दिसत नाही. टायर १४ इंची, स्टीलच्या मूळ चाकांवर, जुन्या धाटणीचे दिसणारे पण नवीन तारखेचे. अलॉय नको, आणि स्टीलचं चाक कापून रुंद करून घेणं तर मुळीच नको. सीटबेल्टचं बरं आहे: तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्व्होने १९५९ मध्येच आणला, त्यामुळे तो लावलात तर सुरक्षाही साधते आणि काळही फारसा मोडत नाही. रोल केजबद्दल खूपजण विचारतात. हेल्मेट न घालता रस्त्यावर चालवायच्या गाडीत डोक्याजवळ लोखंडी नळी ही स्वतःच धोका आहे. शिवाय साठच्या दशकातल्या हौशी गाडीत केज नसायचाच. सोडून द्या.

दिव्यांचं गणित साधं आहे. १०० वॉटचे दोन जादा दिवे म्हणजे १२ व्होल्टवर साधारण १७ अँपियर, त्यावर हेडलाइट, वायपर आणि इग्निशन. मूळ डायनॅमोला हे झेपत नाही. रात्रीच्या टप्प्यात बॅटरी हळूहळू बसते आणि पहाटे इंजिन मिसफायर करायला लागतं. म्हणून चार दिव्यांचा हट्ट सोडा. दोन गोल दिवे, बंपरसमोरच्या पट्टीवर, ५५ वॉटचे, रिले आणि फ्यूज लावून. हॅलोजनचा एच-१ बल्ब युरोपात १९६२ पासून होता, एच-४ मात्र १९७१ चा. तुमच्या तारखेला हेडलाइटमध्ये एच-४ बसत नाही. इथे हौशी स्पर्धकाकडे साधा टंगस्टनच असणार, आणि त्याचा पिवळसर उजेड दिसला की गाडी एकदम त्या काळात जाते. एल.ई.डी.चा तर विषयच नको.

आता माझ्या आवडीचा भाग, ज्याकडे बहुतेक लोक ढुंकूनही बघत नाहीत: नेव्हिगेटरची बाजू. आपल्याकडच्या त्या काळच्या बऱ्याच रॅली वेग-वेळ-अंतराच्या असत, ज्याला आज टी.एस.डी. म्हणतात. ठरलेल्या सरासरीने जायचं, लवकर पोचलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड. म्हणजे रॅली अर्धी डाव्या सीटवर लढली जाते, आणि गाडी खरी आहे की नाही ते तिथेच कळतं.

युरोपात त्या सीटसमोर हाल्डाचा ट्रिपमास्टर असायचा. स्पीडोमीटरच्या केबलमधून जोड काढून चालणारा मोजणी यंत्राचा डबा, आणि टायरच्या घेराप्रमाणे आतली दातेरी चाकं बदलून तो जुळवायचा. बाजूला हॉयरची घड्याळं. हौशी पण पैसेवाल्यांकडे कुर्टा, म्हणजे लिकटेनस्टाइनमध्ये १९४८ पासून बनलेलं, मिरी दळायच्या यंत्रासारखं हातात धरून फिरवायचं गणकयंत्र. आज यातली प्रत्येक वस्तू गाडीच्या किमतीला भिडते. तुम्हाला यातलं काही नको. तुमच्या माणसाकडे हातानं लिहिलेला सरासरीचा तक्ता होता: ताशी ३६ ला एका किलोमीटरला १०० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०, ४८ ला ७५, ५० ला ७२. असा तक्ता पुठ्ठ्यावर चिकटवा, वर पारदर्शक प्लास्टिक, कोपऱ्याला भोक पाडून दोरी. दोन चावीची स्टॉपवॉच लाकडी पट्टीवर बसवून ग्लोव्ह बॉक्सच्या वर स्क्रू करा. एक एकूण वेळेचं, एक टप्प्याचं. वाकवता येणाऱ्या दांड्याचा लहानसा मॅपलाइट, ज्याचा उजेड ड्रायव्हरच्या डोळ्यांत जात नाही. पेन्सिल दोरीला बांधलेली. हा सगळा ऐवज जुन्या बाजारात आणि घरच्या माळ्यावर मिळतो.

अंतर मात्र अचूक हवं. फियाटचा ओडोमीटर ३ टक्के चुकत असेल तर ३० किलोमीटरवर ९०० मीटरची चूक होते, आणि ताशी ४५ च्या सरासरीने ती ७२ सेकंदांची. रॅली तिथेच हरली. म्हणून टायर बदलल्यावर, हवा ठरलेल्या दाबावर ठेवून, मोबाईलच्या जी.पी.एस.वर एक लांब सरळ अंतर मोजा आणि मीटरशी ताडा. मोबाईल मग डिकीत टाका. जो गुणक निघेल तो तक्त्याच्या वर लाल पेन्सिलीने लिहा. मैलाच्या दगडांवर भिस्त ठेवू नका, रस्ता रुंद झाला की ते जागचे हलतात.

कागदपत्रं. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, बिगरव्यावसायिक दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तुमची बसते. आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणी केली तर ‘व्हीए’ मालिका मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. दोन अटी मात्र तुमच्या कामाच्या. एक, चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. दोन, अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. म्हणून दुसरं इंजिन बसवण्याचा किंवा पत्रा कापून फेंडर रुंद करण्याचा विचार तिथेच संपतो. ज्या गोष्टी बोल्टने लावता आणि काढता येतात तेवढ्याच करा. आजोबांच्या नावावरची नोंद वारसाच्या नावावर करून घेणं सगळ्यात आधी, रंगाचा डबा उघडण्याआधी. आणि नंबर प्लेट गाडीची स्वतःचीच. एखाद्या गाजलेल्या गाडीचा नोंदणी क्रमांक शोभेसाठी लावला तरी तो गुन्हाच.

काढलेला प्रत्येक भाग, अगदी हबकॅप आणि बंपरचे क्लिपसुद्धा, चिठ्ठी लावून पेटीत ठेवा. आणि बॉनेटखाली एक छोटी पाटी ठोका: ही गाडी अमुक साली मानवंदना म्हणून बांधली, तिने त्या काळी कुठलीही रॅली केलेली नाही. वीस वर्षांनी ती कोणाच्या हाती जाईल ते तुम्हाला माहीत नाही, आणि विकणारे काय काय गोष्टी रचतात ते आम्ही रोज ऐकतो.

तयार झाल्यावर लगेच प्रदर्शनाला नेऊ नका. सकाळी लवकर महूवरून जाम दरवाज्याकडे निघा आणि घाट उतरून मंडलेश्वरपर्यंत जा. माळव्याच्या पठारावरून निमाडात उतरणारा तो उतार या गाडीची खरी परीक्षा घेतो. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी धरा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, ड्रम तापले की पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. खाली पोचल्यावर चारही चाकांचे ड्रम हाताने चाचपून बघा (हात आधी लांब धरून). एकच जास्त गरम असेल तर त्या बाजूचा सिलिंडर अडकतो आहे. सम्प गार्डचे बोल्ट, मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट आणि दिव्यांची पट्टी पुन्हा आवळा. परत चढताना तापमानाचा काटा वर गेला तर सम्प गार्डची मागची कड अजून थोडी कापावी लागेल. नर्मदेच्या काठी पोहे मिळतात, पण आमच्यासारखे नाहीत, तेव्हा डबा घरून न्या.